उलट्या बाजूनं बघा!

तुमच्या घरी शिलाई मशीन आहे का? असेल तर ते कुठं आहे, ते मी न बघता सांगतो. खिडकीशी नाहीतर जिन्याखालच्या कोपऱ्यात, जुन्या चादरीचं पांघरूण घेऊन उभं असेल. त्याच्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग असेल आणि शेजारी तुमचं दप्तर! घरात कुणी त्याच्याकडे फारसं बघत नाही. पण शाळेच्या आदल्या रात्री विजारीची शिवण उसवली की सगळ्यांना त्याची आठवण होते.

आणि नेमकं तेव्हाच ते रुसतं. सुरुवातीला छान खटखट, खटखट चालतं. मग आवाज बदलतो. कर्रर्र… चाक जड होतं. कापड पुढं सरकत नाही. ओढून काढलं तर खालच्या बाजूला दोऱ्याचं हे एवढं मोठं जाळं! चिमणीनं घरटं बांधावं तसं. मग घरातलं कुणीतरी कमरेवर हात ठेवून निकाल देतं, ‘बॉबीन बिघडली!’

जाळं खाली दिसतं आणि बॉबीनही खालीच असते, म्हणून दोष बॉबीनचा. हिशोब सरळ वाटतो ना? पण गंमत अशी, की दहातल्या बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. जाळं खाली असतं, पण दोष असतो वर! हे असं का होतं, आणि ते ओळखायचं कसं, हेच आज तुम्हाला सांगायचं आहे. हे एकदा कळलं की मशीनची भीती जाते. मिस्त्रीचे पैसे वाचतात, ते वेगळंच.

त्यासाठी आधी टाक्याची ओळख करून घेऊ.

हातानं शिवायची सुई तुम्ही पाहिलीच आहे. तिचं नाक, म्हणजे दोरा ओवायचं भोक, मागच्या टोकाला असतं. आता मशीनची सुई बघा. तिचं नाक टोकाजवळ असतं. असं का? हाताची सुई कापडातून आरपार जाते आणि शेपटासारखा दोरा मागं ओढत नेते. मशीनची सुई मात्र वर घट्ट पकडलेली असते. ती कापडातून आरपार जाऊच शकत नाही. खाली डोकावते आणि आल्या वाटेनं परत जाते. म्हणून दोरा तिच्या टोकापाशीच हवा.

साधी वाटते ना ही गोष्ट? पण ती सुचायला माणसाला हजारो वर्षं लागली. अमेरिकेत वॉल्टर हंट नावाच्या माणसानं १८३० नंतरच्या काही वर्षांत अशा सुईचं मशीन बनवलं होतं. पण त्यानं त्याचं पेटंट घेतलं नाही. पुढं १८४६ साली एलियास हाव यानं दोन दोऱ्यांच्या मशीनचं पेटंट घेतलं. एक दोरा सुईचा आणि दुसरा खालून येणारा. आज तुमच्या घरातलं मशीन याच युक्तीवर चालतं.

ही युक्ती डोळ्यांनी बघता येते. पायडलवरचा पाय खाली घ्या. मोटर बसवलेली असेल तर प्लग काढा. मग हाताचं चाक अगदी हळूहळू फिरवा. सुई वरचा दोरा घेऊन खाली जाते. तळाला पोचून ती थोडीशी वर येते, तेव्हा दोरा कापडात अडकून राहतो आणि सुईच्या बाजूला त्याचा छोटासा फुगा होतो. त्याच क्षणी खालच्या शटलची चोच त्या फुग्यात शिरते. बॉबीन ज्या डबीत बसलेली असते, त्या डबीभोवती ती तो फुगा फिरवून आणते. म्हणजे वरच्या दोऱ्यानं खालच्या दोऱ्याला वेढा घातला! मग मशीनच्या तोंडाशी वर-खाली होणारा जो भोकाचा दांडा असतो ना, तो वर जाताना हा सगळा सैल दोरा परत ओढून घेतो. झाला एक टाका. मशीन जोरात चालवलं की असे शेकडो टाके एका मिनिटात पडतात.

आता खरा मुद्दा. हे दोन दोरे एकमेकांत अडकले, पण अडकण कुठं बसली? कापडाच्या वर, कापडाच्या खाली, की दोन्ही कापडांच्या मध्ये?

रस्सीखेच आठवा. दोन्ही बाजूंची मुलं सारख्या ताकदीची असतील तर मधला रुमाल जागचा हलत नाही. एक बाजू ढिली पडली की रुमाल दुसऱ्या बाजूला जातो. टाक्याचंही अगदी तसंच आहे. वरचा दोरा दोन चकत्यांमधून जातो आणि त्या चकत्या त्याला दाबून धरतात. आपल्याकडे सगळे शिंपी त्याला ‘टेन्शन’ म्हणतात. खालचा दोरा डबीवरच्या चपट्या पट्टीखालून जातो, ती पट्टी त्याला दाबून धरते. दोघांची ओढ सारखी असेल तर अडकण कापडाच्या पोटात लपते आणि शिवण दोन्ही बाजूंनी एकसारखी दिसते.

आता सांगा, वरचा दोरा ढिला पडला तर काय होईल? खालचा जिंकेल. तो वरच्या दोऱ्याला खाली खेचून नेईल. वर सैल दोरा कितीही मिळतोय, मग खाली त्याची वेटोळीच वेटोळी होतील. म्हणजे खाली जे जाळं दिसतं, ते बॉबीनच्या दोऱ्याचं नसतंच. ते असतं वरच्या दोऱ्याचं!

हे मला कुठल्या शाळेत शिकवलं नाही. आमच्या गल्लीत शिकायला मिळालं, आणि ते शिकलो त्या वेळी घरात हसण्यासारखं काही नव्हतं.

आमचं गाव धर्माबाद. नांदेड जिल्ह्याच्या अगदी काठावरचं, मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमार्गावरचं. लाल मिरचीचा इथला बाजार लांबलांबपर्यंत प्रसिद्ध. हंगामात मोंढ्याकडून वारा सुटला की आख्खी गल्ली शिंकते! रेल्वेनं पुढं गेलं की गोदावरीकाठचं बासर येतं. तिथल्या सरस्वतीच्या मंदिरात लहान मुलांना पहिलं अक्षर गिरवायला नेतात. मी सांगतोय ती गोष्ट १९९४ सालची. तेव्हा बासर आंध्र प्रदेशात होतं, २०१४ पासून ते तेलंगणात आहे. असं काठावरचं गाव, म्हणून आमच्या गल्लीत एका घरात मराठी, दुसऱ्यात तेलुगू आणि तिसऱ्यात उर्दू. भांडण कुठल्याही भाषेत झालं तरी सगळ्यांना कळायचं.

आमची आई घरी शिवणकाम करायची. ब्लाऊज, परकर, झबली, आणि जूनमध्ये शाळेचे गणवेश. मशीन जुनं होतं, दुसऱ्यांदा विकत घेतलेलं. ताईनं त्या वर्षी दहावीची परीक्षा दिली होती. तिला पुढं शिकायला नांदेडला ठेवायचं, असं आईच्या मनात होतं. ते पैसे कुठून येणार होते? त्या मशीनमधून. दुसरीकडून येण्यासारखे नव्हतेच.

मे महिना होता. लग्नसराई. आईकडं अकरा ब्लाऊज शिवायला पडलेले. आणि मशीन अडलं. चार टाके पडले की खाली जाळं. आईनं बॉबीन काढली, फुंकर मारली, पुन्हा बसवली. जाळं. दुसरी बॉबीन लावली. जाळं. डबीवरचा बारका स्क्रू आवळला, अजून आवळला. जाळं तर झालंच, शिवाय कापडही चुण्या घ्यायला लागलं. दोन दिवसांनी एक मिस्त्री आला. त्यानं खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, ‘शटल घासलंय ताई. नवीन टाकावं लागंल. डबी पण.’ त्यानं सांगितलेली रक्कम म्हणजे आईची दोन महिन्यांची शिलाई. एक बाई येऊन आपलं कापड परत घेऊन गेल्या. पुन्हा कधी त्या आमच्याकडं शिवायला आल्या नाहीत.

त्या रात्री बाबा म्हणाले, ‘विकून टाकू हे. ह्याच्यात किती पैसा घालायचा?’ आई काही बोलली नाही. ताई उठून परसात गेली. मला तेव्हा सातवी संपून आठवी लागणार होती. पण ताई का उठली, ते मला चांगलं कळलं.

दुसऱ्या दिवशी समोरच्या तेलुगू घरातल्या अक्का विरजण मागायला आल्या. अक्कांनी पूर्वी निजामाबादला एका शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करण्याचं काम केलेलं. त्यांनी मशीनकडं बघितलं, आईच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाल्या, ‘मशीनला काय झालंय की नाही, मला ठाव नाही. दारम् चूडम्मा.’ तेलुगूत दारम् म्हणजे दोरा. आधी दोरा बघ गं, असं त्या म्हणत होत्या.

त्यांनी एक चिंधी मागितली. खाली बॉबीनमध्ये पांढरा दोरा होता, तो तसाच ठेवला. वर मात्र लालभडक दोरा ओवला. वीतभर शिवण घातली आणि चिंधी उलटी करून आमच्यासमोर धरली. खालच्या बाजूला लाल दोऱ्याची वेटोळी होती आणि पांढरा दोरा त्यांच्यामधून काठीसारखा सरळ पडलेला.

‘खाली कोण आलाय?’ अक्कांनी विचारलं.

‘लाल,’ ताई म्हणाली.

‘लाल कुठला?’

‘वरचा.’

‘मग तुम्ही दोन दिस झाले खालचं का उघडायलाव?’

सगळे गप्प. अक्कांनी कापडाची एक कडा दुमडून घेतली आणि ती वरच्या टेन्शनच्या दोन चकत्यांमध्ये घालून मागंपुढं ओढली. तिसऱ्या वेळी आतून एक हिरवं बोंड बाहेर आलं. दोऱ्याचा तुटका तुकडा आणि त्याला चिकटलेला कापसाचा पिंजर. तांदळाच्या दाण्याएवढा! आठवड्यापूर्वी आईनं एक हिरवा ब्लाऊज शिवला होता, त्यातला. त्या तुकड्यानं चकत्या मिटूच दिल्या नव्हत्या. वरच्या दोऱ्याला कुणी धरूनच ठेवत नव्हतं.

मग आईनं आवळलेला खालचा स्क्रू अक्कांनी मागं आणला, पुन्हा शिवण घातली आणि चिंधी उलटी केली. वर लाल, खाली पांढरा. दोन्ही बाजूंना एकसारखे टाके. नवीन शटल नाही, नवीन डबी नाही. जूनमध्ये ताई नांदेडला गेली.

तुम्ही म्हणाल, यात एवढं विशेष काय? विशेष हे, की अक्कांनी आमच्यापेक्षा जास्त काही उघडलं नाही. उलट त्यांनी सगळ्यांत कमी उघडलं. आधी उलट्या बाजूनं बघितलं, मग विचार केला आणि मग हात लावला. आपण नेमकं उलटं करतो. आधी पेचकस शोधतो!

आता तुमची पाळी. मशीन अडलं तर काय काय बघायचं, ते मी क्रमानं सांगतो. घरातल्या मोठ्या माणसाला विचारूनच करायचं बरं का. आणि सुईजवळ बोटं असताना पायडलवर पाय नको आणि मोटरचा प्लग लावलेला नको.

सगळ्यांत आधी वरचा दोरा पूर्ण काढा आणि नव्यानं ओवा. ओवताना कापड दाबणारा पाय वर उचललेला हवा. पाय वर असला की टेन्शनच्या चकत्या उघडतात आणि दोरा नीट आत बसतो. पाय खाली असताना ओवला तर तो चकत्यांच्या काठावरच राहू शकतो. वर-खाली होणाऱ्या दांड्याच्या भोकातून दोरा गेलाय ना, तेही बघा. तिथून तो सुटला तर सैल दोरा वर ओढणारं कुणी उरत नाही. मग जाळं होणारच. ओवायला एक मिनिट लागतं, खर्च शून्य. निम्मी दुखणी इथंच बरी होतात.

शिवायला सुरुवात करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं पायाखालून मागं घ्या आणि पहिले तीन-चार टाके पडेपर्यंत बोटानं धरून ठेवा. नाहीतर मोकळी टोकं खाली ओढली जातात आणि पहिल्याच टाक्याला गुंता होतो.

दुसरी पाळी सुईची. मधेमधे टाके सुटतात का? मग बहुतेक वेळा सुईच दोषी असते. शटलच्या चोचीला दोऱ्याचा फुगा अगदी ठरलेल्या जागी हवा असतो. सुई केसभर वाकली तरी फुगा जागेवर मिळत नाही आणि टाका हुकतो. सुई काढून आरशावर आडवी ठेवा. तिचा चपटा भाग काचेला टेकवा. सुई आणि काच यांच्यामधली फट टोकापर्यंत सारखी दिसली तर सुई सरळ. नाहीतर तिला निरोप द्या. नवी सुई बसवताना ती वर जाईल तेवढी पूर्ण वर सरकवा आणि मगच स्क्रू आवळा. आणखी एक गोष्ट. सुईच्या एका अंगाला लांब खाच असते. दोरा त्याच बाजूनं ओवायचा. सुई खाली जाताना दोरा त्या खाचेत लपतो, म्हणून कापडाला घासत नाही. सुयांना नंबर असतात. रेशमी, तलम कापडाला ११ नंबर, साध्या सुती कापडाला १४ किंवा १६, जीन्ससारख्या जाड कापडाला १८. जीन्सवर बारीक सुई घातली तर ती वाकते, नाहीतर मोडते.

तिसरी पाळी बॉबीनची. बघा, ती आत्ता आली! बॉबीन भरताना दोरा घट्ट आणि सारखा गुंडाळला गेला पाहिजे. बोटानं दाबून बघा. कापसासारखी मऊ लागली तर ती भरताना दोरा सैल होता. ती पुन्हा भरा. काठोकाठ भरू नका, थोडी जागा ठेवा. जुन्या दोऱ्यावर नवा दोरा गुंडाळू नका. बॉबीनची कड तुटकी किंवा गंजलेली असेल तर दोरा अडकत अडकत सुटतो. आणि दुसऱ्या कुठल्या मशीनची बॉबीन सारखी दिसते म्हणून घालू नका. केसभर फरकसुद्धा डबीला चालत नाही.

आता अक्कांची एक परीक्षा. बॉबीन डबीत घाला, दोरा खाचेतून पट्टीखाली घ्या आणि दोऱ्याचं टोक धरून डबी हवेत लोंबकळत ठेवा. डबी आपोआप सरसर खाली गेली तर पट्टी सैल आहे. हाताला हलका झटका द्या. डबी बोटाच्या एक-दोन पेरांएवढी खाली सरकून थांबली तर ओढ ठीक. जागची हललीच नाही तर पट्टी फार घट्ट. स्क्रूला हात लावण्याआधी त्या पट्टीखालचा कचरा मात्र काढा. कित्येकदा एवढ्यानंच काम होतं.

स्क्रू फिरवावाच लागला तर किती फिरवायचा? घड्याळाचा मोठा काटा पाच मिनिटांत जेवढा सरकतो, तेवढाच. आधी तो कुठं होता ते वहीत चित्र काढून ठेवा, म्हणजे परत येता येईल. आणि खाली एक ताट ठेवा. तो स्क्रू मोहरीहून थोडाच मोठा असतो. फरशीवर पडला तर आख्खं घर गुडघ्यावर येतं!

चौथी पाळी सफाईची. कापडाखाली जी लोखंडी पट्टी असते, तिच्या आत कापड पुढं सरकवणारे दाते असतात. त्या दात्यांमध्ये कापसाचा पिंजर साचतो. मऊ ब्रशनं तो झाडून काढा. तोंडानं फुंकर मारू नका. कचरा आणखी आत जातो आणि वाफेनं गंज धरतो. आमच्याकडं तर उन्हाळ्यातली धूळ आणि मिरचीची पूड, दोन्हींशी गाठ असते! सफाई झाली की तेलाच्या जागी एकेक थेंब मशीनचं तेल. खोबरेल नाही आणि गोडेतेलही नाही, ती चिकट होऊन घट्ट बसतात. तेल दिल्यावर आधी चिंधीवर शिवा, म्हणजे जादा तेल चिंधी पिते आणि नव्या शर्टावर डाग पडत नाही.

दोरा सारखा तुटतोय का? मग तो दोन्ही हातांत धरून ओढून बघा. वर्षानुवर्षं डब्यात पडलेला दोरा कुजतो आणि न कुरकुरता तुटतो. अशा दोऱ्यानं शिवायला बसू नये. दोरा चांगला निघाला तर सुईचं नाक खरखरीत झालंय का ते बघा. रिळाच्या काठावरच्या खाचेत दोरा अडकतोय का, तेही बघा. टेन्शन फार आवळलंय का, हे शेवटी.

यात एक नियम मात्र मोडायचा नाही. एका वेळी एकच बदल करायचा आणि प्रत्येक बदलानंतर चिंधीवर शिवून बघायचं. सुई, बॉबीन, दोरा, स्क्रू, सगळं एकदम बदललं आणि मशीन चाललं, तर ते कशामुळं चाललं ते तुम्हाला कधीच कळणार नाही. आणि चाललं नाही, तर जुना दोष आहेच, त्यात तुम्ही नवे दोन घातलेत! शाळेत विज्ञानाच्या प्रयोगात बाई सांगतात ना, एक गोष्ट बदला आणि बाकीच्या तशाच ठेवा? तोच हा नियम. प्रयोगशाळा फक्त जिन्याखाली आहे.

आणि बरं का, या यंत्राला कमी लेखू नका. गांधीजींना मोठमोठ्या यंत्रांबद्दल किती शंका होत्या, ते तुम्ही वाचलं असेल. पण १९२४ साली त्यांनी शिलाई मशीनचा मात्र अपवाद केला. जे यंत्र माणसाचे कष्ट हलके करतं आणि त्याला बेकार करत नाही, ते त्यांना हवं होतं. २०२० साली कोरोना आला, दुकानात मास्क मिळेनात, तेव्हा महाराष्ट्रातल्या बचत गटांच्या बायकांनी याच घरगुती मशीनवर मास्क शिवले. २०२३ साली केंद्र सरकारनं सुरू केलेल्या विश्वकर्मा योजनेत अठरा कारागिरीचे धंदे आहेत, त्यांत सुताराबरोबर, लोहाराबरोबर शिंपीही आहे. कितीतरी घरांत वह्या-पुस्तकांचा खर्च या मशीनवर चालतो. ते दोन दिवस बंद पडलं तर तिथं काय होतं, ते मी बघितलंय. म्हणून सांगतो, ‘बॉबीन बिघडली’ असं पटकन म्हणू नका. ते म्हणायला सोपं असतं, पण त्याची किंमत कुणाला तरी मोजावी लागते.

आता या रविवारी करायचं काम. आईला, आजीला किंवा गल्लीतल्या शिंपीकाकांना विचारून दोन रंगांचे दोरे घ्या. वर लाल, खाली पांढरा. सुती कापडाच्या वीतभर लांब तीन चिंध्या घ्या. पहिल्या चिंधीवर टेन्शन बरोबर असताना शिवा. दुसरीवर वरचं टेन्शन मुद्दाम ढिलं करून. तिसरीवर मुद्दाम आवळून. दुसऱ्या चिंधीला खालच्या बाजूनं लाल दोरा दिसेल. तिसरीला वरच्या बाजूनं पांढरे ठिपके दिसतील. काम झालं की टेन्शन होतं तिथं परत आणा हं!

तिन्ही चिंध्या एका जुन्या वहीत फक्त वरच्या कडेनं चिकटवा, म्हणजे उलटून बघता येतील. प्रत्येकीखाली लिहा : काय केलं आणि काय दिसलं. पुढं मशीन कधी अडलं की त्या दिवशीची चिंधीही त्याच वहीत लावा आणि दोष कुठं सापडला ते लिहा. वही मशीनच्या खणातच ठेवायची. वर्षभरात ती इतकी शहाणी होईल, की मिस्त्री आला तर तोही आधी ती मागेल.

मग, कधी काढताय पांघरूण?